बार्बाकोआ खाली बसतो

अर्डिस कुबिचेकला दोन आवाज होते. एक माणसांसाठी, एक जनावरांसाठी. पहिल्या आवाजात तिनं गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी गाढव, मद्दड नाहीतर बिनडोक म्हटलेलं होतं. पाद्रीबाबांना तर तिन्ही, तेही ईस्टरच्या सकाळी, चर्चच्या पायरीवर. दुसरा आवाज गोठ्यात शिरल्यावर निघायचा. "सरक गं सोने जराशी. पाय दे. शहाणी माझी बाय ती." तिचा नवरा लेलंड गोठ्याच्या दाराशी उभा राहून हे ऐकायचा आणि म्हणायचा, "देवानं मला दोनच पाय देऊन घोटाळा केला. चार दिले असते तर माझा संसार सुखाचा झाला असता."

लेलंडला जाऊन आता बरीच वर्षं झाली. टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघता बघता आरामखुर्चीतच गेला. अंदाज गारांचा होता. पडलं कडक ऊन. "आयुष्यभर असंच केलं," अर्डिस म्हणाली. "नुसत्या बातमीनंच घाबरायचं." मग ती गोठ्यात गेली आणि दुपारभर बाहेर आली नाही. तिथे ती काय बोलली ते गायींनाच माहीत.

गायी हेरफर्ड जातीच्या. तांबडं अंग, पांढरं तोंड, आणि चेहऱ्यावर असा भाव की नुकतंच जेवण झालंय, आता कुणी उठवू नये. एके काळी नेब्रास्काच्या त्या भागात टेकडीटेकडीवर ह्याच गायी दिसत. मग बाजाराला काळ्या कातड्याचं वेड लागलं. कातडं उतरवल्यावर खालचं मांस कुठल्या रंगाच्या गायीचं ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही, पण घेणारे रंग बघून भाव करायला लागले आणि शेतकरी रंग बघून गायी पाळायला. शेजारीपाजारी एकेक करून काळे झाले. शेवटी अर्डिसचा पोटचा पोरगा, ड्वेन, तोही काळा झाला.

"शांत, शांत काय लावलंयस, आई," तो म्हणायचा. "आळशी आहेत तुझ्या गायी."

"तुझा बापही आळशी होता. मी टाकला का त्याला?"

मुलांचं लचांड अर्डिसच्या मागे लागलं ते जत्रेच्या समितीच्या एका सभेत. त्या भागातली पद्धत अशी, की हिवाळ्याच्या तोंडाशी पोरानं एक खच्ची केलेला गोऱ्हा घ्यायचा, त्याला वाढवायचा, म्होरकीला धरून चालायला शिकवायचा आणि उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत रिंगणात फिरवून दाखवायचा. फीत मिळते. सगळ्यांत वरची जांभळी, मग निळी, मग लाल, मग पांढरी. त्यानंतर गोऱ्ह्याचा लिलाव होतो आणि तो पाठीमागच्या दारानं ट्रकमध्ये चढतो. ह्या सगळ्याला गोठा लागतो, कुरण लागतं. गावाबाहेर मांसाचा कारखाना आला, त्यात काम करायला माणसं आली, त्यांची पोरं शाळेत आली. त्यांच्यापाशी कुरण कुठलं? पत्र्याच्या घरांची वसाहत, आणि दारात फार तर एक कुत्रं. सभेत समितीचा एक माणूस म्हणाला, त्या मुलांनी ससे पाळावेत, सोपं असतं. मागल्या बाकावरून आवाज आला, "ससे तू पाळ, मद्दडा. तुझ्या वकुबाचं आहे ते." दुसऱ्या दिवसापासून अर्डिसचा गोठा त्या पोरांना उघडा झाला. वासरू तिचं, गव्हाण तिची, कष्ट पोरांचे.

तिची शिकवण्याची रीत पाहून बाकीचे हसत. इतर लोक वासराला दावं बांधून ट्रॅक्टरच्या मागे ओढत. दोन दिवस ओढलं की येतं मुकाट्यानं. अर्डिस पोराला एक बादली द्यायची. ती वासरासमोर पालथी घालायची आणि तिच्यावर बसायचं. बस्स. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, डोळ्यांत बघायचं नाही. गृहपाठ करा, गाणी म्हणा, घरच्यांची निंदा करा. दोनचार दिवसांनी वासरू स्वतःहून येऊन पोराचा कान हुंगायचं. "आता ते तुला पाळायला लागलं," अर्डिस सांगायची. "आता तू त्याला पाळ."

ह्या रीतीनं तिनं मारकुटी पोरं मऊ केली, तोतरी बोलती केली, आणि एका पाद्र्याच्या मुलाला वासराशेजारी बसून शिव्या द्यायला शिकवलं. त्याचं श्रेय मात्र तिला कुणी दिलं नाही.

त्या साली जी पोर आली तिचं नाव यादिरा. बारा वर्षांची, जाड वेणी, आणि नजर अशी की समोरच्यानं बटणं नीट लागलीत ना ते बघावं. तिचा बाप रोहेलियो कारखान्यात मांस कापायच्या सरकत्या पट्ट्यावर सुरी चालवायचा. आठवडाभर ती बादलीवर बसली, आठवड्यानंतर गोऱ्ह्यानं तिची वेणी चाटली, आणि तिनं जाहीर केलं, "नाव ठरलं. बार्बाकोआ."

"म्हणजे काय गं?" अर्डिसनं विचारलं.

"बाबा रविवारी मांस खड्ड्यात पुरून वाफेवर शिजवतात ना, ते."

अर्डिसची वाचा बसल्याचा गावाच्या इतिहासात हा एकच प्रसंग. "अगं, त्याच्या तोंडावर असं म्हणतात का?"

"त्याला स्पॅनिश कुठे येतं?" यादिरा म्हणाली. "आणि मिस अर्डिस, तो शेवटी कुठे जाणार ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. प्रिन्स म्हटलं तर काय दुसरीकडे जाणार आहे?"

दर साली लिलावाच्या वेळी पोरं रडत आणि अर्डिस त्यांना, "रडताय काय बावळटांनो, हे शेतीचं काम आहे," म्हणून झापत असे. मग डोळ्यांत भुसा गेला म्हणून ती मालट्रकच्या मागे जाई आणि नाक लाल करून परत येई. इतका भुसा एकाच बाईच्या डोळ्यांत दर वर्षी कसा जातो, असं विचारायची छाती कुणाला नव्हती.

आणि ह्याच सुमारास अर्डिसचं खुब्याचं हाड बदललं. डॉक्टरनं सांगितलं, काम करा पण मधूनमधून बसा. हातात काठी ठेवा. अर्डिसनं डॉक्टरला पहिल्या आवाजात जे सांगायचं ते सांगितलं आणि घरी आली.

ड्वेन टपलेलाच होता. ईस्टरच्या जेवणानंतर खसखशीच्या सारणाचे गोड पाव, कोलाचे, पुढ्यात घेऊन त्यानं विषय काढला. "आई, नदीकडचं कुरण मला दे. माझ्या काळ्यांना जागा पुरत नाही. तुझ्याच्यानं आता होत नाही."

"काय होत नाही?"

"सगळं. तू गोठ्यात जातेस तेव्हा भिंत धरून जातेस. मी पाहिलंय."

"भिंत पडायला आलीय. मी तिला धरते."

ड्वेनची धाकटी लेक टेगन खुदकन हसली. दहा वर्षांची होती, आणि त्या घरात हसणारी ती एकटीच. तिलाही ह्या साली पहिल्यांदा जत्रेत उतरायचं होतं, बापाच्या काळ्या गोऱ्ह्याला घेऊन. ह्या गोऱ्ह्याचं नाव टायटन. टायटनचा विषय निघाला की टेगनचं हसू लगेच आटपायचं. पण ते त्या दिवशी कुणी टिपलं नाही.

बोलणं वाढत गेलं. ड्वेन म्हणाला, तुझ्या तांबड्यांना आता रिंगणातसुद्धा कुणी विचारत नाही. अर्डिस म्हणाली, माझा बार्बाकोआ जांभळी फीत घेऊन येईल, तुझ्या काळ्याच्या नाकावर टिच्चून. ड्वेन म्हणाला, आणि नाही आणली तर? आणि अर्डिसनं, तोंडात अर्धा कोलाचे असताना, जन्मातला सगळ्यांत मोठा शब्द देऊन टाकला. जांभळी फीत आली तर ती चालतीफिरती असेपर्यंत ड्वेननं कुरणाचं नाव काढायचं नाही. नाही आली तर पानगळीच्या बाजारात तांबड्या गायी विकायच्या आणि कुरण त्याचं.

"लिहून देतेस?" ड्वेननं विचारलं.

"तुला जन्म देताना लिहून दिलं होतं का? बोलले ते बोलले."

आता खरी अडचण खुब्याची. गोठ्यात उभं राहून राहून कळा यायच्या. साधा उपाय, एक खुर्ची नेऊन ठेवायची. पण ड्वेन रोज तिथून जायचा. गोठ्यातली खुर्ची त्यानं पाहिली की झालं, म्हातारी बसली म्हणून तो गावभर सांगणार. पालथी बादली तर इतकी बुटकी की बसल्यावर उठवायला क्रेन लागली असती. काठीचंही तेच. तेव्हा तिनं लेलंडची जुनी रिंगणातली काठी काढली. लांब, टोकाला पितळी आकडा. रिंगणात ह्या आकड्यानं जनावराचे खूर हवे तिथे सरकवतात आणि पोटाखाली हलकेच खाजवून त्याला शांत उभं ठेवतात. ती काठी हातात असली की कुणी म्हातारी म्हणत नाही, सराव चाललाय म्हणतात.

एका सकाळी यादिरा शाळेत होती. अर्डिस बार्बाकोआजवळ टेकून उभी होती आणि सवयीनं आकड्यानं त्याचं पोट खाजवत होती. बार्बाकोआनं एक सुस्कारा सोडला, गुडघे दुमडले आणि खाली बसला. समोर तांबडी, उबदार, केसाळ अशी एक बैठक तयार झाली, उंचीला अगदी बेतशीर. अर्डिसनं इकडेतिकडे पाहिलं. ड्वेनची गाडी दिसत नव्हती. ती बसली.

बार्बाकोआ रवंथ करत राहिला. मग ती उठली, आकड्यानं त्याच्या पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केली, आणि तो आपल्या सवडीनं उभा राहिला.

त्यानंतर रोजच. सकाळची कॉफी अर्डिस बार्बाकोआवर बसून प्यायला लागली. पाठीवर रेडिओ ठेवून बातम्या ऐकायची, मटार सोलायची, टरफलं त्यालाच द्यायची. एकदा डुलकीही लागली. आकडा पोटाला लागायचा अवकाश, स्वारी खाली. दुपारी यादिरा येई तेव्हा बार्बाकोआ उभा आणि अर्डिस साळसूद. यादिरा सरावाला झाडूचा दांडा वापरायची, कारण काठी अर्डिसच्या हातात. पोर रोज त्याला धुवायची, खरारा करायची, आणि रोज कपाळाला आठी घालून म्हणायची, "मिस अर्डिस, ह्याच्या पाठीचे केस इथेच का चपटे होतात?"

"वारा," अर्डिस सांगायची.

जत्रा आली. पत्र्याच्या मोठ्या छपराखाली भुसा पसरलेलं रिंगण, भोवती फळ्यांची बाकं, तळलेल्या पिठाचा आणि शेणाचा मिळून एकच वास. पहाटेपासून पोरं आपापली जनावरं धुवून, मोठ्या पंख्यांनी वाळवून, केस फुलवून तयार करत होती. आयांच्या केसांना वर्षभरात मिळत नाही तेवढं तेल आणि फवारा त्या दिवशी गोऱ्ह्यांच्या पायांना मिळतो.

यादिराच्या हातात झाडूचा दांडा पाहून अर्डिसला भरून आलं. असं तिला वर्षातून एकदाच होई आणि दर वेळी त्यातून काहीतरी वाईट घडे. "टाक ते," ती म्हणाली. "ही घे. लेलंडची आहे. हिच्यावर त्यानं तीन वेळा जांभळी आणली."

यादिरानं पितळी आकडा सदऱ्याला पुसून चमकवला. "थँक्यू, मिस अर्डिस." पोरीनं आभार मानले ते हेच पहिल्यांदा. अर्डिस मान ताठ करून, काठीवाचून लंगडत, बाकावर ड्वेनच्या शेजारी जाऊन बसली. पलीकडे रोहेलियो, सणाचा इस्त्रीचा सदरा घालून.

पंच बाहेरगावचा होता, कृषी महाविद्यालयातला. तरणाबांड, पट्ट्याचं बक्कल ताटलीएवढं. गोऱ्हे ओळीनं आत आले. चारपाच काळे, एक करडा, आणि मध्ये बार्बाकोआ, तांबडा, झळझळीत, गळ्याखालची पोळी डुलवत. पंच त्याच्यापाशी थांबला. पाठीवरून हात फिरवला. दोन पावलं मागे सरून पुन्हा बघितला.

"बघ," अर्डिस ड्वेनला म्हणाली. "बघून घे डोळे भरून."

ड्वेननं हातातलं लिंबाचं सरबत खाली ठेवलं.

पंच मागे फिरला. यादिरानं बार्बाकोआचे खूर चौकोनात लावले, तोंडावरचं हसू न ढळू देता पंचाकडे बघितलं, आणि शिकवल्याप्रमाणे, जनावर स्थिर राहावं म्हणून, आकडा पोटाखाली नेला.

तेव्हा अर्डिसला आठवलं.

बाकावरून पोरांना काही सांगायची सक्त मनाई असते. अर्डिस खोकली. मोठ्यानं खोकली. "नको" हा शब्द खोकल्यात बसवायचा तिनं प्रयत्न केला. शेजारच्या बाईनं तिला खोकल्याची गोळी दिली.

बार्बाकोआनं सुस्कारा सोडला, गुडघे दुमडले आणि खाली बसला.

छपराखाली क्षणभर नुसते पंखे ऐकू आले. मग हसणं सुरू झालं, आधी पोरांचं, मग थोरांचं. यादिरानं म्होरकी ओढली. बार्बाकोआनं मान लांब केली. मान त्याला परवडत होती. ती कानात काहीतरी बोलली. त्यानं तिचा कान चाटला. उठायची खूण पुठ्ठ्यावर दोन टकटक ही आहे, हे त्या छपराखाली एकाच माणसाला ठाऊक होतं आणि त्याच्या तोंडात खोकल्याची गोळी होती. यादिराचं हसू तसंच राहिलं, पण नजर सावकाश वळली, बाकांवरून फिरली आणि अर्डिसवर येऊन थांबली. मग गोऱ्ह्याच्या पाठीवर. मग परत अर्डिसवर.

पंचानं ध्वनिक्षेपक हातात घेतला. "हा माझ्या मते आजच्या ओळीतला सगळ्यांत भरलेला गोऱ्हा," तो म्हणाला. "पण बसलेलं जनावर मी जोखायचं कसं? मी ह्याला लाल देतो. आणि सोफा म्हणून कुणाला हवा असेल तर शिफारस करतो."

टायटनला निळी मिळाली. तीही त्याला दोन माणसांनी धरून ठेवल्यावर.

बाहेर धुण्याच्या चौथऱ्यापाशी यादिरा वाट बघत होती. बार्बाकोआ उभा होता, नेमका आता.

"वारा," यादिरा म्हणाली.

"हे बघ, पोरी..."

"तुम्ही त्याच्यावर बसत होता."

"कधीकधी."

"रोज! रोज मी केस उभे करत होते आणि तुम्ही रोज त्याच्यावर ढुंगण टेकत होता! खुर्ची नव्हती घरात?"

"होती."

"मग?"

अर्डिसनं सांगितलं. ड्वेन, भिंत, कुरण, शब्द, सगळं. दुसऱ्या आवाजात. माणसाशी त्या आवाजात बोलताना तिला कुणी पाहिलं नव्हतं, आणि यादिरालाही ते जरा अवघडच झालं. ती काठीच्या आकड्याशी चाळा करत राहिली.

"म्हणजे माझी लाल फीत आणि तुमच्या सगळ्या गायी," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला कुणी म्हातारी म्हणू नये म्हणून."

"थोडक्यात, हो."

"पण तुम्ही म्हाताऱ्या आहातच."

"तोंड सांभाळ."

"खुर्ची आणा," यादिरा म्हणाली. "आणि पुढच्या साली गोऱ्हा मी निवडणार. तुम्ही बोलायचं नाही." ती वळली, कारण दुपारचा दुसरा फेरा पुकारला होता.

ह्या दुसऱ्या फेऱ्यात जनावराला नाही, पोराला जोखतात; कोण किती नीट हाताळतो ते. पैजेशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून अर्डिस घरी जायला निघाली होती. पण काठी यादिराकडे होती आणि काठीवाचून गाडीपर्यंतचं अंतर फार होतं. ती परत बाकावर बसली.

लहानांचा गट होता. बार्बाकोआच्या मागे टायटन, टायटनच्या म्होरकीला टेगन. बाकी पोरं अर्ध्या बाह्यांत, टेगन उन्हाळ्यातही पुऱ्या बाह्यांच्या सदऱ्यात. पंचानं दोन फेऱ्या घेतल्या आणि ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "आता आपापल्या मागच्याशी जनावर बदला."

असं करतात. स्वतःचं जनावर कुणीही सांभाळेल. परक्याचं सांभाळतो का ते बघायचं असतं.

टेगननं टायटनची म्होरकी यादिराच्या हातात दिली तेव्हा तिची बाही वर सरकली आणि कोपरापर्यंत हिरवेनिळे डाग दिसले. यादिरानं ते पाहिले. "काठी त्याच्या पोटाजवळ नेऊ नकोस," ती पुटपुटली, "बसतो." आणि बार्बाकोआ तिच्या स्वाधीन केला.

टायटननं नवीन माणूस हुंगला, नाक फुरफुरवलं आणि तो निघाला. यादिरानं टाचा रोवल्या. रिंगणभर भुशात दोन चर पडत गेले, चरांच्या पुढे टायटन आणि टोकाला वेणी. सोडली तर काठी सोडली, म्होरकी नाही. तोंडानं ती त्याला स्पॅनिशमध्ये जे सांगत होती ते ऐकून बाकावर रोहेलियोनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वळणावर ड्वेननं कुंपणावरून उडी मारली आणि टायटनच्या गळ्यात पडला. टायटन थांबला, तो ड्वेनच्या पायावर.

ह्या गोंधळात बाकीची जनावरं बिथरली होती, पोरं मागे रेलली होती. बार्बाकोआ होता तिथे उभा होता. त्यानं हनुवटी टेगनच्या खांद्यावर ठेवली होती आणि तिच्या टोपीची कड चघळत होता. आणि टेगनचे खांदे, जे वसंतापासून कानांना लागलेले होते, ते खाली आले होते. एवढी छोटी गोष्ट, पण अर्डिसनं आयुष्यभर गायींचे खांदे पाहिले होते. तिला ते बाकावरून दिसलं.

"टेगन," ड्वेन एका पायावर उभा राहून ओरडला, "ये, धर तुझा."

"नको," टेगन म्हणाली.

"काय नको?"

"मी ह्याला धरते. तुम्ही त्याला धरा."

"टेगन!"

"तो मला रोज भिंतीवर दाबतो, बाबा. रोज. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता सवय होईल." ती ओरडली नाही. बार्बाकोआनं टोपी काढून घेतली, तिनं ती त्याला घेऊ दिली.

ड्वेन खरंच तसंच म्हणाला असता.

संध्याकाळी तो गाडीच्या मागच्या फळीवर बसला होता, एक बूट काढून, पाय शीतपेयांच्या बर्फात. अर्डिस आली. काठी परत मिळाली होती आणि ती उघडपणे टेकत होती.

"हरले," ती म्हणाली. "माझ्याच बुडानं मला हरवलं. गायी घेऊन जा."

"ऐकलं मी. सगळ्या जत्रेनं ऐकलं."

"मोडलंय का?" तिनं पायाकडे बघितलं.

"अंगठा." तो थोडा वेळ बर्फ हलवत राहिला. "टेगनला पुढच्या साली तुझ्याकडचं वासरू हवंय."

"माझ्याकडे वासरं कुठली? मी हरले ना."

"आई, तू आता हे असं करू नकोस."

"कसं? दिला शब्द पाळू नको? वळण तुला कुणी लावलं रे?"

"कुरण मला लागतंय," ड्वेन म्हणाला. "खरंच लागतंय. पण त्यातला ओढ्यालगतचा तुकडा आहे ना, तो काळ्यांना पुरत नाही. तिथे चारपाच तांबड्या राहतील. पोरीपुरत्या."

"दहा."

"आई, तू हरलीस!"

"हरले. मेले नाही. दहा."

"सहा. आणि निवडणार मी."

लिलावात बार्बाकोआ गेला. यादिरानं त्याला पाठीमागच्या दारापर्यंत स्वतः चालवत नेलं, म्होरकी काढली, त्याच्या पांढऱ्या कपाळावर थाप मारली आणि कोरड्या डोळ्यांनी परत आली. अर्डिस ट्रकच्या मागे गेली होती. तिथे रोहेलियो आधीच उभा होता, टोपी हातात घेऊन.

"भुसा," अर्डिस म्हणाली.

"होय, सेन्योरा. फार उडतो." त्यानं तिला रुमाल दिला. "जत्रेची जनावरं मंगळवारी येतात आमच्या कारखान्यात. मी मंगळवारी रजा टाकलीय. घरी सांगू नका, पोरगी हसेल मला."

शनिवारी ड्वेन निवडायला आला. पायात बापाच्या जुन्या सपाता, कारण बुटात अंगठा मावत नव्हता. काळ्यांच्या कुरणात तो कधी गाडीतून उतरत नसे. उतरण्यात अर्थ नसे, त्या पळून जात. इथे तो फाटक उघडून आत शिरला आणि गायी उठून त्याच्याकडे चालत आल्या. एकीनं बाही चाटली. दुसरी मागून येऊन त्याच्या कुल्ल्यावर डोकं घासू लागली. तो एका पायावर डळमळत त्यांना ढकलत होता आणि त्या ते लाड समजत होत्या.

"ही घे," तो एकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "ही तरुण आहे. आणि ती. ही म्हातारी नको, हिला विकू."

"पोरीला पहिल्या साली ह्याच म्हातारीचं वासरू लागेल," कुंपणाबाहेरून अर्डिस म्हणाली. तिनं येताना घडीची खुर्ची आणली होती आणि ती तिच्यात राजरोस बसली होती. "हिची सगळी वासरं झोपाळू निघतात."

"दात राहिलेत का हिला?"

"बघ की तोंड उघडून. चावत नाही ती. तुझ्यासारखी नाही."

ड्वेननं म्हातारीचं तोंड उघडून बघितलं. तिनं बघू दिलं. मग त्यानं हात पँटला पुसला, पण तोवर पँटच अशी चाटून ओली झाली होती की त्याचा काही उपयोग झाला नाही.

"सात मग," तो म्हणाला, आणि पुढच्या गायीकडे वळायला लागला, पण ती मागची डोकं काढून घेईना, तेव्हा तिचं खाजवणं होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.